खानदेशातला शिलालेख जगापुढे आणणाऱ्या डॉक्टरचं औषध मात्र गुपितच राहिलं

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवीचं ठाणं आहे. गौताळ्याचं जंगल, पाठीशी अजिंठ्याची डोंगररांग आणि नवरात्रात खानदेशभरातून लोटणारी गर्दी, एवढी ओळख बहुतेकांना असते.

पण इथल्या देवळात एक शिलालेखही आहे. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ मधला. सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन पुढे चालू राहावं म्हणून त्याने पाटण इथे मठ काढला. त्या मठाला स्थानिक निकुंभ राजांनी काय दान दिलं, हे या लेखात कोरलेलं आहे. मठाचा खर्च भागावा म्हणून बाजारातल्या विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर ठरावीक वाटा लावून दिला होता. लेखाचा हा भाग जुन्या मराठीत आहे.

थोडक्यात, पुस्तक लिहिलं की काम संपत नाही, ते वाचणारे, शिकवणारे आणि त्यांना पोसणारे लोक लागतात, हे ८०० वर्षांपूर्वी खानदेशात कुणालातरी नीट कळलं होतं.

हा लेख अभ्यासकांच्या जगापुढे कुणी आणला?

एका डॉक्टरने. मुंबईत रोज शेकडो कामांत बुडालेला, रुग्णांनी वेढलेला हा माणूस म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. राणीच्या बागेजवळच्या ज्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव आहे, ते अनेकांनी पाहिलेलं असतं. पण भाऊ दाजी मुळात डॉक्टर होते आणि त्यांच्या काळातला सगळ्यात भीतिदायक रोग बरा करण्याच्या मागे ते लागले होते, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यांनी वाचलेले शिलालेख छापले गेले, त्यांवर चर्चा झाली, चुका निघाल्या आणि दुरुस्तही झाल्या. त्यांचं औषध मात्र त्यांच्या हयातीत छापून आलं नाही. एकाच माणसाच्या दोन कामांचं नशीब इतकं वेगळं कसं झालं, त्याची ही गोष्ट.

मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा

भाऊंचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ म्हणत, वडिलांना दाजी म्हणत, म्हणून ते भाऊ दाजी झाले. जन्म गोव्यातल्या पेडणे भागातला, १८२२ च्या सुमारासचा. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब मुंबईला आलं आणि वडील मातीच्या बाहुल्या-मूर्ती विकून संसार चालवू लागले.

पोरगा बुद्धिबळात तरबेज होता. असं सांगतात की मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या कानावर त्याची हुशारी गेली आणि मुलाला इंग्रजी शिकवा असं त्यांनी वडिलांना सुचवलं. भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच शिक्षकही झाले.

याच काळात त्यांनी एका निबंध स्पर्धेत भाग घेतला. विषय होता काठेवाड आणि कच्छमधली मुलींना जन्मताच मारून टाकण्याची प्रथा. या निबंधाला ६०० रुपयांचं बक्षीस मिळालं. त्या काळात ही रक्कम भलीमोठी होती.

नोकरी होती, नाव होत होतं. तरी १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं तेव्हा भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. त्यात फक्त ८ जण होते. भाऊ दाजी त्यांतले एक. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंगही त्याच तुकडीतले.

डॉक्टर डॉक्टरला काय वाचायला सांगतो?

ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य होते चार्ल्स मोरहेड. औषधांची नावं पाठ करून डॉक्टर होता येत नाही, यावर त्यांचा भर होता. विद्यार्थ्याने जे. जे. रुग्णालयातल्या खाटेशेजारी उभं राहायचं, रुग्णाची हकीकत लिहून घ्यायची, रोजचा बदल टिपायचा आणि रुग्ण दगावला तर तेही नोंदवायचं.

अशा नोंदींच्या आधारावर मोरहेड यांनी १८५६ मध्ये भारतातल्या रोगांवर दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या पुस्तकांत इथले ताप, इथली हगवण, यकृताचे इथले विकार नीट सापडत नव्हते. मुंबईच्या वॉर्डमधून तयार झालेलं हे पुस्तक म्हणूनच हिंदुस्थानात काम करणाऱ्या डॉक्टरच्या कामाचं होतं.

आजही डॉक्टर एकमेकांना वाचायला सुचवतात ते असंच काहीतरी असतं. एखादं जाडजूड पाठ्यपुस्तक, एखादा शोधनिबंध किंवा एकाच रुग्णाची सविस्तर हकीकत. वाचणाऱ्याला त्यात चार गोष्टी हव्या असतात. रुग्ण किती होते? रोग नक्की तोच होता हे कशावरून? औषध काय, किती आणि किती दिवस दिलं? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांचं काय झालं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बरे झालेले रुग्ण डॉक्टरचं नाव घेत फिरतात. बरे न झालेले परत येत नाहीत. त्यांची नोंद फक्त कागदावर राहते.

भाऊ दाजी या शिस्तीत तयार झाले होते. नोंद, पुरावा आणि चर्चा हे शब्द त्यांना नवे नव्हते.

दवाखाना, राजकारण आणि फोटोग्राफी

डॉक्टर झाल्यावर भाऊंनी मुंबईत वैद्यकी सुरू केली. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. पैसेवाल्यांच्या घरीही भाऊंना बोलावणं असायचं. थोड्याच वर्षांत ते मुंबईतल्या सगळ्यात नावाजलेल्या देशी डॉक्टरांपैकी एक झाले.

पण हा माणूस एका जागी बसणारा नव्हता. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, त्यात ते चिटणीस होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी खटपट केली. छायाचित्रणाचं तंत्र मुंबईत नुकतंच आलं होतं, तर हे दोघे भाऊ त्यातही उतरले आणि नारायण दाजी तर नामांकित छायाचित्रकार झाले. १८६९ आणि १८७१ असे दोनदा भाऊ मुंबईचे शेरीफ झाले.

१८६२ मध्ये गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात भाऊंनी साक्ष दिली. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वागण्यावर लिहिलं आणि एका महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्या महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले होते, असं भाऊंनी कोर्टात सांगितलं. रुग्णाची गोष्ट डॉक्टरने उघड करावी का, यावर आजही वाद होऊ शकतो. पण भल्याभल्यांची तोंडं बंद असताना उभं राहून बोलण्याची त्यांची तयारी होती, एवढं त्यातून दिसतं.

खानदेशाच्या डोंगरातली अक्षरं

भाऊंना संस्कृत ग्रंथांचा आणि जुन्या लेखांचा नाद होता. पंडितांना पदरचे पैसे देऊन ते हस्तलिखितं जमवत, शिलालेखांचे ठसे आणवत. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी हा तरुण १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आला. भाऊंसाठी तो हिंदुस्थानभर हिंडला आणि पुढे स्वतःच मोठा पुरातत्त्वज्ञ झाला.

जळगावहून तासा-दीड तासावर असलेली अजिंठ्याची लेणी तेव्हा जगाला चित्रांसाठी माहीत होती. भाऊंचं लक्ष भिंतींवरच्या अक्षरांकडे होतं. १६ व्या लेण्याबाहेर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ येते. भाऊंनी अजिंठ्याच्या लेखांचं वाचन आणि भाषांतर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

पाटणचा लेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचा काळ ठरवणारा भाऊंचा तो निबंध होता. आर्यभटाच्या नावावर भलतेच ग्रंथ खपवले जात होते. भाऊंनी आर्यभटीयाची हस्तलिखितं मिळवली आणि खरा ग्रंथ कोणता ते दाखवून दिलं. भास्कराचार्यांच्या घराण्याची साखळी त्यांना खानदेशातल्या या दगडावर मिळाली. भास्कराचार्यांच्या आधीच्या सहा पिढ्या, स्वतः भास्कराचार्य, मग लक्ष्मीधर आणि चांगदेव.

भाऊंचं सगळंच वाचन बरोबर नव्हतं. अजिंठ्याच्या त्या लेखाचं वाचन पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन विद्वान ब्यूलर यांनी सुधारलं. पाटणचा लेख कीलहॉर्न यांनी नव्याने संपादित केला. ज्याला त्यांनी बोट धरून या कामात आणलं, त्या भगवानलालांनीच गुरूच्या चुका दुरुस्त केल्या, यात कुणाला अपमान वाटला नाही. कारण भाऊंनी आपलं वाचन छापलं होतं. छापलं म्हणून ते तपासता आलं आणि तपासलं म्हणून ते पुढे गेलं.

पाटणजवळच्याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. आज ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या हद्दीत येतात. तिथले लेख भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत लेण्यासाठी दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यात एक नाव आहे मगिल या राजवैद्याचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या माणसाने कुठल्यातरी राजाच्या नाडीवर बोट ठेवलं असणार, काढे उकळले असणार. दगडावर त्याचं नाव राहिलं. त्याने दिलेल्या औषधांतलं एकही आपल्यापर्यंत आलं नाही.

महारोग नावाची दहशत

आता भाऊंच्या औषधाकडे येऊ.

कुष्ठरोगाला तेव्हा महारोग किंवा रक्तपिती म्हणत. रुग्णाला घराबाहेर काढत, गावाबाहेर ठेवत. बोटं झडतात, चेहरा बदलतो आणि उपाय काहीच नाही. रोग रक्तातून येतो, पापातून येतो, खाण्यातून येतो, जितकी माणसं तितकी मतं होती. डॉक्टरांमध्येही बरेच जण तो आनुवंशिक मानत.

भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, देशी वनस्पती तपासल्या आणि कुष्ठरोग्यांवर एक औषध देऊन पाहायला सुरुवात केली. काही रुग्णांना गुण येतोय अशी बातमी पसरली. रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले, डॉक्टरांमध्ये कुजबुज सुरू झाली.

पण औषध काय, हे भाऊ सांगत नव्हते.

नंतर कळलं ते असं की हे औषध कडू कवठाच्या बियांपासून काढलेलं तेल होतं. या झाडाला कवटी असंही म्हणतात. कोकण आणि सह्याद्रीच्या ओलसर रानात ते वाढतं. आपण ज्याची चटणी करतो ते कवठ वेगळं, हे झाड वेगळं. वनस्पतिशास्त्रात ते हिडनोकार्पस या कुळीत मोडतं आणि ईशान्येकडच्या चालमोगरा या झाडाचं ते जवळचं नातलग आहे.

चालमोगऱ्याचं तेल त्वचारोगांवर वापरण्याची रीत भारतात आणि आसपासच्या देशांत जुनीच होती. कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक जॉन मौआट यांनी ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिलं आणि १८५४ मध्ये आपला अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. लेख छोटा होता, रुग्ण थोडे होते. पण जगभरातल्या डॉक्टरांना आधुनिक वैद्यकाच्या भाषेत हे तेल पहिल्यांदा तिथे भेटलं. म्हणून आज चालमोगऱ्याच्या इतिहासात मौआट यांचं नाव हमखास येतं. भाऊ दाजींचं क्वचितच.

त्याच कॉलेजमधला दुसरा डॉक्टर

हा फरक आणखी ठळक होतो तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर या माणसामुळे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना ग्रेज अॅनाटॉमी हे पुस्तक सांगावं लागत नाही. १८५८ मध्ये लंडनमध्ये निघालेलं हे शरीररचनेचं पुस्तक नव्या नव्या आवृत्त्यांमधून आजही वापरात आहे. मजकूर हेन्री ग्रे यांचा होता, पण पुस्तक गाजलं ते त्यातल्या चित्रांमुळे. ती चित्रं कार्टर यांनी काढली होती. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेले, अवघ्या ३४ व्या वर्षी. कार्टर मात्र पुस्तक निघालं त्याच वर्षी मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत होते.

कार्टरही कुष्ठरोगाच्या मागे लागले. रुग्णांच्या नसा कशा जाड होतात, बधिरपणा कसा पसरतो, कातडीखाली काय बदल होतात, हे त्यांनी पाहिलं, रेखाटलं आणि छापलं. पुढे ते नॉर्वेला गेले, कारण तिथे या रोगावर सरकारी पातळीवर काम चालू होतं. तिथल्याच हान्सेन या डॉक्टरने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. १८७४ मध्ये कार्टर यांचा कुष्ठरोग आणि हत्तीपाय यांवरचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

कार्टर यांच्याकडे औषध नव्हतं. भाऊंकडे होतं, निदान काही अंशी. तरीही डॉक्टरांच्या वाचनात राहिले ते कार्टर.

मराठी माणसांतही लिहिणारे होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, यांनी वैद्यकावर मराठीतून पुस्तकं लिहिली आणि १८७९ मध्ये मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. नाव, झाड, गुण, उपयोग. कुणीही उघडावं आणि पडताळून पाहावं.

गुपित ठेवण्यात वावगं काय होतं?

आजच्या चष्म्यातून भाऊंना दोष देणं सोपं आहे. पण त्या काळात औषध गुपित ठेवणं ही इथल्या अनेक वैद्य घराण्यांची रीतच होती. बापाने मुलाला, गुरूने शिष्याला सांगायचं. इंग्लंड-अमेरिकेतही गुपित औषधांच्या बाटल्या धडाक्याने विकल्या जात होत्या. आणि अर्धवट औषध जाहीर केलं, ते भोंदूंच्या हाती पडलं, तर रुग्णांचे हाल होणार, ही भीतीही खोटी नव्हती.

शिवाय कुष्ठरोग हा फसवा रोग आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात, कधी २० वर्षंही. रोग मध्येच शांत होतो, मध्येच उसळतो. चट्टा आपोआप फिका पडला तरी औषधाने गुण आला असं वाटतं. अशा रोगात घाईने दावा करणारा डॉक्टर तोंडघशी पडू शकतो.

पण नेमकं याच कारणासाठी नोंद बाहेर यायला हवी होती. एका डॉक्टरच्या आयुष्यात या रोगाचा निकाल लागत नाही. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पडताळायची, तिसऱ्याने चूक काढायची. अजिंठ्याच्या लेखाबाबत हे घडलं. कवटीच्या तेलाबाबत भाऊंच्या हयातीत घडलं नाही.

आणि हयात फार उरली नव्हती. १८६५ मध्ये मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेला शेअरबाजार कोसळला, त्यात भाऊंचाही पैसा बुडाला. नंतर अर्धांगवायूने त्यांना गाठलं. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय जेमतेम पन्नाशीचं. कार्टर यांचा ग्रंथ निघाला तेच हे वर्ष.

पुढे त्या तेलाचं काय झालं?

भाऊंचे इतिहासावरचे लेख १८८० च्या दशकात कलकत्त्याहून रामचंद्र घोष यांनी एकत्र करून छापले. औषधाबाबत असा संग्रह निघण्यासारखं काही मागे नव्हतं.

झाड मात्र रानात होतंच. डायमॉक आणि सहकाऱ्यांच्या १८९० ते १८९३ दरम्यान निघालेल्या फार्माकोग्राफिया इंडिका या ग्रंथात त्याच्या तेलाची माहिती आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तेलातली आम्लं वेगळी करण्यात आली. अडचण एकच होती. तेल पोटात घेतलं की मळमळ आणि उलट्या व्हायच्या, टोचलं तर ते मांसात गाठ धरून बसायचं.

१९१५ मध्ये हवाईमध्ये अॅलिस बॉल या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ मुलीने चालमोगऱ्याच्या तेलाचं असं रूप तयार केलं की ते टोचल्यावर शरीरात सहज शोषलं जाई. पण काम छापण्याआधीच १९१६ मध्ये ती वारली. तिच्या कॉलेजच्या प्रमुखाने तिच्या नावाचा उल्लेख न करता ते काम पुढे नेलं. तिच्या एका डॉक्टर सहकाऱ्याने १९२२ मध्ये लेख लिहून ही पद्धत बॉलची आहे असं सांगितलं, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे.

यानंतरची दोन-अडीच दशकं चालमोगरा आणि हिडनोकार्पसचं तेल हाच जगभर कुष्ठरोगावरचा मुख्य उपचार होता. भारतातल्या कुष्ठधामांतही तेच टोचलं जायचं. म्हणजे भाऊ दाजी ज्या वाटेला लागले होते ती वाट चुकीची नव्हती. तेलाने सगळे बरे होत नसत, रोग उलटायचाही. पण त्याहून बरं काही नव्हतं. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली आणि तेल मागे पडलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार सुचवला. त्यानंतर कुष्ठरोग ६ ते १२ महिन्यांत पूर्ण बरा होऊ लागला.

खानदेशातली कागदं

धुळ्याला याच संदर्भात एक वेगळं महत्त्व आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं इथल्या राजवाडे संशोधन मंडळाने जपली. शंकरराव देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जुनी मराठी बाडं उघडली की अभंग, हिशेब आणि मधेच एखाद्या पानावर खोकल्याचं किंवा विंचवाचं औषध, असा प्रकार सर्रास दिसतो. आपले लोक लिहीत नव्हते असं नाही. पण औषध लिहिलं तरी ते किती जणांना दिलं आणि किती जणांना उपयोग झाला नाही, हे बाडात नसतं.

ही उणीव मोठ्या शहरात बसूनच भरून निघते असंही नाही. खानदेशाला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या दवाखान्यात विंचूदंशाचे रुग्ण तपासले. प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, छातीतले बदल रात्र-रात्र जागून टिपले आणि १९८० च्या दशकात ते लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापून आणले. प्राझोसिन या गोळीने लाल विंचवाच्या दंशातले मृत्यू किती कमी होतात, हे त्यामुळे सगळ्यांना कळलं. आज विंचू चावलेला रुग्ण खानदेशातल्या आडगावच्या दवाखान्यात आला तरी तिथल्या डॉक्टरला काय करायचं ते ठाऊक असतं. त्यासाठी त्याला महाडला जावं लागलेलं नाही. त्याने ते वाचलेलं असतं किंवा वाचलेल्याकडून शिकलेलं असतं.

धुळ्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ मध्ये सुरू झालं. तिथले विद्यार्थी ग्रेज अॅनाटॉमी उघडतात, शोधनिबंध मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण खानदेशात अजूनही सापडतात. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. कडू कवठाचं तेल घरी करून लावण्याची आज काहीच गरज नाही.

भाऊ दाजींनी जॉर्ज बर्डवूड या डॉक्टर मित्रासोबत ज्या वस्तुसंग्रहालयासाठी खटपट केली, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये त्याला भाऊंचं नाव मिळालं. अजिंठ्याच्या आणि पाटणच्या लेखांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला आजही सुरुवात भाऊ दाजींच्या वाचनापासून करावी लागते. त्यांच्या हातून बरे झालेले कुष्ठरोगी किती होते, ते कोण होते, त्यांना किती थेंब तेल दिलं जायचं, हे शोधायला निघालेल्या डॉक्टरला वाचायला सुचवावं असं त्यांचं एकही पान नाही.